बिनआकड्यांच्या घड्याळातला माणूस

माझ्या ओळखीतले लोक हे वाचून हसणार आहेत, हे मला माहीत आहे. हसू देत. आयुष्यभर मी ड्रॉइंगमास्तर होतो. गणपती बघायला जातो तेही मूर्तीची प्रमाणं बघायला. भूत दिसलं असं कुणी सांगायला लागलं, की माझा पहिला प्रश्न असतो — "उजेड कुठून येत होता?" निम्मे लोक तिथेच गप्प होतात. नजर, उतारा, अंगारा... हे सगळं मी डोळ्यांच्या आणि डोक्याच्या दोषात टाकून मोकळा झालेला माणूस आहे.

त्यामुळे ज्यांना भूत हवं आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं. यात भूत नाही, अमावास्या नाही, पिंपळ नाही. जे घडलं ते शनिवारी, भर दुपारी, चहाच्या वेळेला. आणि घडलं ते माझ्याच हातून. निदान मला तसं वाटत आलं आहे.

साठच्या दशकाचा शेवट. पवनेच्या धरणाचं काम चालू होतं. मी लोणावळ्याला शाळेत नुकताच लागलो होतो आणि मामाकडे राहत होतो. अण्णामामाचं बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक फळी, एक भिंग, एक स्टूल आणि भिंतभर टकटक. पण मामा नुसता दुरुस्तीवाला नव्हता. त्याला घड्याळं घडवायचा नाद होता... आणि घड्याळंही अशी, की बघणाऱ्याने कपाळावर हात मारून घ्यावा.

समोरच्या सलूनवाल्यासाठी त्याने उलटं घड्याळ केलं होतं. आकडे उलटे, काटे उलटे फिरणारे. का? तर गिऱ्हाईक खुर्चीत बसून आरशात बघतं, त्याला ते सुलटं दिसावं म्हणून. एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी त्याने घड्याळ आढ्यालाच टांगलं, तबकडी खाली करून. एका आंधळ्या तबलजीला बिनकाचेचं घड्याळ दिलं, आकड्यांच्या जागी पितळी टाचण्या, बोटांनी चाचपून वेळ बघायची. लोक म्हणायचे अण्णा चक्रम आहे. मामा म्हणायचा, "माणसानं घड्याळाप्रमाणे वागावं असं कुणी सांगितलंय? घड्याळानं वागावं की माणसाप्रमाणे!"

या सगळ्या उचापतींत तबकड्या रंगवायचं काम माझ्याकडे असायचं. मजुरी म्हणून दोन वेळचं जेवण आणि वर टोमणे.

तर एका बाजाराच्या दिवशी दुकानात ठकूमावशी आली. तिकोणा पेठेच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथली. धरणाकडून येणाऱ्या लॉरीत बसून महिन्यातून एक-दोनदा लोणावळ्याला यायची. हिरडा, मध, करवंदं विकायची. मामा तिच्याकडून मध घ्यायचा म्हणून ओळख. साठीची असेल, काटक, आणि तोंडाची मोठी फटकळ. ती बाजारात आली की आधी आवाज यायचा, मग मावशी.

"अण्णा, मला घड्याळ पायजे," ती म्हणाली.

"तुला वाचता येतं का मावशी आकडे?"

"आकडे येत असते तर तुज्याकडं कशाला आले असते? दुसऱ्याकडं न्हाई का घड्याळं? मला बिनआकड्याचं पायजे."

तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. त्यांच्या डोंगरात आषाढ लागला की धुकं बसतं ते दसऱ्यापर्यंत. सूर्य दिसत नाही. गुरं कधी सोडायची, कामावर कधी निघायचं, भात कधी टाकायचा, काही कळत नाही. "सकाळ हाय का सांज हाय, तेबी कोंबड्याला इचारावं लागतं," ती म्हणाली. "आन् कोंबडाबी माझा येडा हाय."

मामा इतका खूश झाला की त्याने भिंगच काढून ठेवलं. जुन्या लंबकाच्या घड्याळाचं पेटाऱ्यातलं यंत्र काढलं. चक्रं बदलून असं केलं, की एकच काटा, आणि तो दिवसरात्र मिळून एकच फेरा घेणार. दुपार वर, मध्यरात्र खाली. डावीकडून दिवस चढणार, उजवीकडून उतरणार. ठोके मावशीला नको होते, म्हणून ठोक्यांची चक्रं मामाने काढून टाकली. आणि आकड्यांच्या जागी चित्रं. चित्रं काय काढायची ते मावशी दुकानाच्या पायरीवर बसून सांगत होती आणि मी लिहून घेत होतो — कोंबडा, विहीर, चूल, गुरं निघाली, कामावरच्या बाया, भाकरीची सुट्टी, गुरं परतली, दिवा...

"आन् दिवा लागल्यावर," ती म्हणाली आणि थांबली. एवढं बोलणारी बाई थांबली म्हणून मी वर बघितलं.

"दिवा लागल्यावर, जेवायच्या आदी, माझा सोमा घरी येतोय असं काढ."

सोमा तिचा एकुलता एक मुलगा. खालचं भातखाचर धरणात जाणार म्हणून दोघांचं भांडण झालं होतं. तो म्हणत होता आता इथे काय राहिलं, शहरात जाऊ. ही रागाच्या भरात म्हणाली, "जा! पुन्ना तोंड दाखवू नगंस." तो गेला. ठाण्याकडे कुठल्याशा कारखान्यात लागला एवढंच ऐकून माहीत. दोन वर्षं झाली, पत्र नाही, निरोप नाही. आणि तिने कुणाकरवी बोलावणंही धाडलं नाही. मायलेक दोघंही एका मातीचे.

"दिसतो कसा?" मी विचारलं.

"कसा म्हंजी? मानसासारका. पांडरी टोपी घाल. तोंड माज्याकडं कर. येतोय दिसला पायजे."

आता माझी चूक सांगतो. ती नीट सांगायला हवी.

कागदावर मी सगळी चित्रं आखली, पण चावीची भोकं आखायला विसरलो. यंत्र जुनं, त्याच्या तबकडीला दोन भोकं — डावीकडचं ठोक्यांच्या चावीचं, जे आता निकामी होतं, आणि उजवीकडचं घड्याळाच्या चावीचं. पत्र्याची तबकडी रंगवायला घेतली तेव्हा डावीकडचं भोक नेमकं विहिरीत आलं. ते मी विहीरच करून टाकलं, काळीभोर, खोल. मामा म्हणाला, "वा मास्तर, पाणीसुद्धा लागलं." पण उजवीकडचं भोक आलं सोमाच्या उजव्या खांद्याच्या जरा खाली. तिथे हात काढायला पत्राच नव्हता. खरं म्हणजे सगळा माणूस पुसून बोटभर सरकवायला हवा होता. पण दिवा, गुरं सगळं वाळलं होतं, शनिवारची सकाळची शाळा करून आलो होतो, जेवण झालं होतं, डोळ्यांवर झापड होती. आळस केला. बाही दुमडल्यासारखी भोकाच्या काठाशी संपवली आणि म्हटलं, कोण बघतंय.

इतक्यात समोरच्या हॉटेलातून तीनचा चहा आला. मी ब्रश ठेवला.

मामाने संध्याकाळी तबकडी बसवली, आणि बसवण्याआधी नेहमीप्रमाणे तिच्या पाठीवर सुईने बारीक अक्षरात तारीख कोरली. हा घड्याळजींचा जुना रिवाज. घड्याळ पुन्हा दुरुस्तीला आलं तर कधी हाताळलं होतं ते कळावं म्हणून. गिऱ्हाइकाला ती तारीख कधी दिसत नाही. हे लक्षात ठेवा.

हे भाद्रपदातलं. मावशी घड्याळ न्यायला आली तेव्हा घट बसले होते, म्हणजे मध्ये दोनेक आठवडे गेलेले. तिने घड्याळ मांडीवर घेतलं, एकेका चित्रावरून बोट फिरवलं. कोंबड्याला हसली. सोमापाशी बोट थांबलं.

"ह्याचा हात कुटं हाय रं मास्तर?"

"चावीचं भोक आडवं आलं, मावशी. ठेवून जा, पुढच्या खेपेपर्यंत बदलून देतो."

मी हे तोंडदेखलं बोललो, आणि तिला ते कळलं असावं. तिने पुन्हा चित्राकडे बघितलं.

"असू दे," ती म्हणाली. "येक हात नसला तरी चालंल. पाय हायती न्हवं? घरी येतोय न्हवं?"

आणि घड्याळ घोंगडीत गुंडाळून घेऊन गेली.

माघात सोमा घरी आला.

हे आम्हाला कळलं ते फाल्गुन लागल्यावर, तो स्वतः दुकानात आला तेव्हा. उंच, खांदे वाकलेले, पांढरी टोपी. पाठीला घोंगडीत बांधलेलं काहीतरी. ते डाव्या हाताने सोडवायला लागला, गाठ सुटेना म्हणून मी पुढे झालो... आणि मग माझं लक्ष गेलं. सदऱ्याची उजवी बाही दुमडून पिनेने टाचलेली होती. कोपराच्या वर, खांद्याच्या जरा खाली.

मी गाठ सोडवली, आतून आमचंच बिनआकड्याचं घड्याळ निघालं.

"अण्णामामा तुमीच न्हवं?" चित्रातल्या माणसावर बोट ठेवून तो म्हणाला. "ह्याला हात काडून द्या."

कारखान्यात मशीनमध्ये हात गेला होता. दवाखान्यात दीड महिना, मग लाजेने आणखी तीन महिने शहरातच काढले. शेवटी आला. आला तोही दिवेलागणीला नाही, सकाळी नऊच्या सुमाराला, ऊन चांगलं वर आल्यावर. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण जुळतं तेवढंच सांगायचं आणि न जुळणारं गाळायचं ही लबाडी मला करायची नाही.

"आई दारात व्हती," सोमा सांगत होता. "मला बगितलं. मग वळून त्या घड्याळाकडं बगितलं. येकच बोलली. 'मीच म्हनले व्हते हात नसला तरी चालंल.' तवापासून तोंड उगडलं न्हाई तिनं. मैना झाला. हाका मारून दमलो. शेजारणीला खुणंनं सांगितलं, ह्या जिबंनं पोराला घालवला, ह्याच जिबंनं त्याचा हात नेला. जेवनबी जीव धरण्यापुरतं. मला वाटलं, चित्राला हात काडला तर बोलंल."

ती बाई, जिच्या आधी तिचा आवाज बाजारात यायचा, ती महिनाभर मुकी बसली होती. मला ते डोळ्यांसमोर आणवेना. आणि खरं सांगू का? त्याच क्षणी मला दुसरंही वाटलं. ही बाई स्वतःला दोष देते आहे, म्हणजे माझ्या ब्रशाकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही. सुटलो. असं वाटलं मला, लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

मामाने तबकडीचे स्क्रू सैल केले. तबकडी उलटी केली आणि भिंग लावलं.

"सोमा, तुझा अपघात कधी झाला?"

सोमाने कनवटीच्या पिशवीतून मेणकापडात घडी केलेला दवाखान्याचा कागद काढला. मामाने तो माझ्यापुढे धरला, शेजारी तबकडीची पाठ धरली.

तारीख एकच होती.

तोच महिना, तोच दिवस, वार शनिवार. मी तीनतीनदा वाचली. मामाने सुईने कोरलेली तारीख मी स्वतः त्या संध्याकाळी बघितली होती, मागाहून कुणी घातलेली नव्हती.

"दिवसा की रात्री?" मी विचारलं.

"दुपारची पाळी. तीनचा चा यायचा व्हता."

नंतर कितीतरी वर्षं मी त्या शनिवारची दुपार आठवून आठवून झिजवली. चहा आला तेव्हा बाही काढून झाली होती की चालू होती? मी आधी काढलं आणि तिकडे झालं, की तिकडे झालं आणि माझ्या हाताला कुठून तरी कळलं? की दोन्हींचा एकमेकांशी काही संबंधच नाही? आमचे गणिताचे सर म्हणायचे, "अहो, भोक होतं म्हणून हात गेला चित्रातला, आणि कारखान्यात हात रोज जातात." बरोबर आहे. पण उजवाच, खांद्याच्या खाली तेवढाच, त्याच माणसाचा, त्याच दुपारी? यावर सर म्हणायचे, "योगायोग." ते म्हणताना ते माझ्याकडे न बघता खडू झटकायचे.

पण त्या दिवशी दुकानात मामाचं डोकं वेगळीकडेच चाललं होतं.

"मावशी ते वाक्य बोलली कधी?" तो म्हणाला. "घटात. म्हणजे हात जाऊन दोन आठवडे उलटल्यावर. तिच्या बोलण्यानं गेला नाही, हे तर ढळढळीत आहे. जा, सांग तिला."

"मी?"

"मग कोण?"

मी म्हणालो की तू पत्र लिही, सोमा वाचून दाखवील. मी म्हणालो माझी शाळा आहे. मी पुष्कळ काही म्हणालो. मामाने भिंग पुसलं.

"तिचं ओझं उतरवायचंय, की तुझं लपवायचंय?" त्याने विचारलं. एवढंच. मामा फार बोलायचा नाही, पण बोलला की वर्मी लागायचं.

हा हिशेब ऐकल्यावर चित्राला हात काढायची गरज नाही, हे सोमालाही पटलं. दुसऱ्या दिवशी रविवार. लॉरीने धरणापर्यंत, तिथून चढण. सोमा एका हाताने घड्याळ पाठीशी धरून पुढे, मी धापा टाकत मागे. वाडी म्हणजे सात-आठ घरं. मावशी ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. मला बघितलं, सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला. बसायला घोंगडी टाकली. तोंडातून शब्द नाही.

तिला तारीख सांगून काय उपयोग? मी तिच्या भाषेत सांगितलं. "मावशी, तुम्ही घड्याळ न्यायला आलात तेव्हा घट बसले होते?" तिने मान हलवली. "आणि सोमाचा हात गेला तेव्हा पितर उठायचे होते अजून. पंधरवडा चालू होता. विचारा त्याला." सोमा म्हणाला, "व्हय आये, पितरांतच. दवाखान्यात व्हतो मी घटाला." ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. पितर, मग घट. पुन्हा पितर, मग घट. मी तबकडीची पाठ दाखवली, मामाने कोरलेलं दाखवलं. ते तिला वाचता येणार नव्हतं, पण तिने त्यावरून बोट फिरवलं, जसं पुढच्या चित्रांवरून फिरवलं होतं.

"तुम्ही बोलायच्या आधीच झालं होतं," मी म्हणालो. "तुमच्या बोलण्यानं नाही गेला."

सोमा कुरबुरला, "त्या मशीनला तुमा दोगांचीबी वळख नवती. उगा काय?"

मावशीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. आणि मला कळलं की हिशेब तिच्या लक्षात आला आहे. पितरांत हात गेला, घटात ती बोलली. मग पितरांत काय झालं होतं?

महिनाभर न वापरलेला तिचा आवाज घोगरा आला.

"म्हंजी तू आदी काडलंस."

"होय," मी म्हणालो. आणि मग काय झालं ते मलाच कळलं नाही, मी तिच्या ओट्यावर रडायला लागलो. चोवीस वर्षांचा शाळामास्तर, सुपातल्या तांदळाशेजारी बसून, पोरासारखा. भोक आखायला विसरलो, आळस केला, कोण बघतंय म्हणालो, सगळं सांगून टाकलं.

ती ऐकत होती. मग उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. सोमाला म्हणाली, "ते भितीवर लाव आदी." सोमाने घड्याळ खुंटीला अडकवलं. चावी डाव्या हातात घेतली आणि त्या चित्रातल्या माणसाच्या खांद्याखाली, जिथे हात नव्हता तिथे, घालून फिरवली. टकटक सुरू झाली. मावशीने ती घटकाभर ऐकली.

"मास्तर," ती म्हणाली, "मी मैनाभर गप बसून बगितलं. काय बी व्हत न्हाई त्यानं. हात येत न्हाई. आता तू गप बसू नगंस."

मी "बरं" म्हणालो.

आणि खाली उतरून आलो आणि गप्पच बसलो. मामा गेला, मावशी गेली. सोमाने डाव्या हाताने शेती केली, वर दोन मुलांची लग्नं केली. मी इतकी वर्षं मुलांना फुलं, मडकी, मोसंबी काढायला शिकवली. स्वतः मात्र त्यानंतर एकदाही कागदावर माणूस काढला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, माझी ॲनाटमी कच्ची आहे.

त्या दुपारी आधी काय झालं, हे मला आजही माहीत नाही. ते कळायचा काही मार्ग होता असंही वाटत नाही. ते घड्याळ सोमाच्या नातवाकडे आहे, चालतं, असं ऐकतो. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा. "योगायोग" म्हणालात तरी रागावणार नाही.

मला फक्त बोलायचं होतं. मावशीला "बरं" म्हणालो होतो.